रिकाम्या वेळेचे मूल्य : अल्पखर्ची अमेरिकी चित्रपट आणि पदवीनंतरचे जगणे

पदवी हाती पडल्यापासून नोकरीला वा संसाराला लागेपर्यंत जो काळ मध्येच उरतो, त्याला आपल्या परंपरेत स्वतंत्र स्थान नाही. सोडमुंजीच्या विधीत बटू काशीला निघतो, मामा त्याला मुलगी देण्याचे आश्वासन देऊन वाटेतच अडवतो आणि ब्रह्मचर्याश्रमाला लागूनच गृहस्थाश्रम सुरू होतो. या दोहोंमध्ये विधीने उंबरठ्याएवढीही जागा ठेवलेली नाही. काशीला निघालेल्या बटूला अडवायला कोणी आलेच नाही तर त्याने काय करावे, हा प्रश्न विधीच्या कक्षेबाहेरचा आहे. अमेरिकेत १९९० नंतरच्या सुमारे दोन दशकांत अत्यंत तुटपुंज्या पैशात निर्माण झालेल्या चित्रपटांचा एक गट नेमका याच प्रश्नाभोवती घोटाळताना दिसतो. रिचर्ड लिंकलेटरचा ‘स्लॅकर’, केव्हिन स्मिथचा ‘क्लर्क्स’, अँड्र्यू बुजाल्स्कीचा ‘फनी हा हा’, लीना डनमचा ‘टायनी फर्निचर’ ही त्यांतील ठळक नावे होत.

या चित्रपटांविषयीचे समीक्षालेखन बहुतांशी दोन निष्कर्षांपाशी थांबते. एका बाजूने त्यांना एका पिढीच्या दिशाहीनतेचा प्रामाणिक दस्तऐवज मानले जाते. दुसऱ्या बाजूने सुस्थितीतील तरुणांची आत्ममग्न बडबड म्हणून ते निकालात काढले जातात. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांत एक गृहीतक समान आहे : दिशाहीनता हा या चित्रपटांचा विषय आहे आणि चित्रपट तो विषय ‘दाखवतो’. परंतु काहीच घडत नसलेला काळ पडद्यावर दाखवायचा तर तो कशाने तरी भरावा लागतो, त्याला आरंभ-शेवट द्यावा लागतो आणि मुख्य म्हणजे त्याचा खर्च कोणीतरी सोसावा लागतो. दिशाहीनता हा या चित्रपटांत आशयाचा नव्हे, कालरचनेचा प्रश्न आहे. आणि कालरचनेचा प्रश्न येथे पैशाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

आर्नल्ड व्हान जेनेप याने १९०९ मध्ये संक्रमणविधींची मांडणी करताना विलगीकरण, उंबरठ्यावरची अवस्था आणि पुनःसमावेश असे तीन टप्पे कल्पिले होते. पुढे व्हिक्टर टर्नर यांनी मधल्या टप्प्याकडे विशेष लक्ष वेधले. अमेरिकी महाविद्यालयाचा पदवीदान समारंभ हा विलगीकरणाचा विधी आहे, पण त्याच्यामागून येणारा पुनःसमावेशाचा विधी विसाव्या शतकाच्या अखेरीस खिळखिळा झाला. फ्रँको मोरेत्ती यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथात घडणीच्या कादंबरीविषयी जे प्रतिपादन केले आहे, ते या संदर्भात उपयोगी पडते. त्यांच्या मते तारुण्य हे आधुनिकतेचे प्रतीकरूप ठरले याचे कारण त्यातील चंचलता आणि अस्वस्थता हे होय. मात्र अभिजात घडणीची कादंबरी या अस्वस्थतेला प्रौढत्वाच्या तडजोडीत विसर्जित करते. तारुण्याला अर्थ येतो तो ते संपते म्हणून. जे तारुण्य संपत नाही आणि ज्यातून काही घडतही नाही, त्याचे कथन कसे करावयाचे, हा या चित्रपटकर्त्यांपुढील खरा पेच आहे.

लिंकलेटरने त्यावर काढलेला तोडगा सर्वांत धाडसी म्हणावा लागेल. ‘स्लॅकर’ १९८९ च्या उन्हाळ्यात टेक्सासमधील ऑस्टिन या विद्यापीठ-शहरात सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाला. त्याचा खर्च सुमारे २३,००० डॉलर सांगितला जातो. १९९० मध्ये तो ऑस्टिनमध्ये दाखवला गेला आणि १९९१ मध्ये देशभर वितरित झाला. एका दिवसाच्या चोवीस तासांत शंभराच्या आसपास माणसे पडद्यावर येतात. कॅमेरा एकाबरोबर थोडा वेळ चालतो, वाटेत दुसरा कोणी भेटला की त्याच्यामागे निघतो आणि पहिल्याला कायमचा सोडून देतो. नायक नाही, कथानक नाही, पुनर्भेट नाही. आरंभी स्वतः लिंकलेटरच टॅक्सीत बसून, निवडल्या न गेलेल्या प्रत्येक शक्यतेचे एक वेगळे वास्तव कोठेतरी चालू राहत असेल, असा तर्क ड्रायव्हरला ऐकवतो. ड्रायव्हर काहीही बोलत नाही. या तर्काला पुढील सबंध चित्रपट हे प्रात्यक्षिक ठरते. प्रत्येक वळणावर एक कथा सोडून दिली जाते आणि सोडून दिलेली कथा वाया गेली असे मात्र वाटत नाही.

‘स्लॅकर’मधील माणसे निष्क्रिय आहेत हे विधान तपासून घ्यावयास हवे. ती अखंड बोलतात. केनेडी-हत्येविषयी, परग्रहावरील मोहिमांविषयी, अराजकवादाविषयी. घरात शिरलेल्या चोराशी गप्पा मारत फिरायला निघणारा वृद्ध अराजकवादी हे या चित्रपटातील सर्वांत लोभस पात्र. त्याच्यामुळे ‘रिकामेपण’ ही केवळ वयाची अवस्था राहत नाही. रस्त्यावर चित्रीकरण करणाऱ्या मंडळींना एक वाटसरू तरुण सांगतो की आपण वाईट स्थितीत जगत असू, पण त्यासाठी निदान काम तरी करावे लागत नाही. दुसऱ्या एका प्रसंगात एका पत्त्यावर लिहिलेले वाक्य वाचले जाते : किळस येऊन अंग काढून घेणे आणि उदासीन असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, असा त्याचा आशय. रेगनकाळाच्या यशपूजक वातावरणानंतर लगेच आलेल्या या चित्रपटाची नैतिक भूमिका त्या वाक्यात आहे. तरीही एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ही माणसे घरभाडे कशी देतात? ऑस्टिनमधील त्या काळचे स्वस्त जगणे ही या चित्रपटाची न बोललेली पूर्वअट आहे. कामाला नकार देण्याची चैन शहराच्या स्वस्ताईने पुरवली, हे चित्रपटाला ठाऊक असावे. पण ते तो सांगत नाही.

शेवटी पहाटे काही तरुण-तरुणी सुपर-एट कॅमेरे घेऊन टेकडी चढतात आणि कॅमेरा कड्यावरून फेकून देतात; आकाश, खडक, झाडे गरगरत जातात. निर्मितीच्या साधनाचाच त्याग करणारा हा शेवट पाहताना विसरू नये की तो दाखवण्यासाठी दुसरा कॅमेरा शाबूत होता. आळशांवरचा हा चित्रपट ज्याने केला तो १९८५ मध्ये ऑस्टिन फिल्म सोसायटी स्थापन करणारा, अत्यंत चिवट उद्योगी माणूस होता. या गटातील प्रत्येक चित्रपटात ही विसंगती आहे : रिकामपणाचे चित्रण करणे हे प्रचंड खटाटोपाचे काम आहे.

‘क्लर्क्स’मध्ये वेळ रिकामा नाही, तो तासांच्या हिशेबाने विकलेला आहे. न्यू जर्सीतील लिओनार्डो या गावी ज्या किरकोळ वस्तूंच्या दुकानात स्मिथ स्वतः नोकरी करीत होता, त्याच दुकानात, ते बंद झाल्यावर रात्री, २७,५७५ डॉलरांत हा कृष्णधवल चित्रपट चित्रित झाला. काही पैसा क्रेडिट कार्डांवर उचललेला, काही जमवलेली कॉमिक पुस्तके विकून आलेला. बाहेर रात्र आणि कथेत दिवस, ही अडचण झाकण्यासाठी कुलपांत कोणीतरी च्युइंगगम कोंबल्यामुळे शटर उघडत नाही अशी युक्ती योजली गेली. महाविद्यालय अर्धवट सोडलेला डान्टे सुटीच्या दिवशी कामावर बोलावला गेला आहे. तो बंद शटरच्या आत, नळीदिव्यांच्या उजेडात दिवसभर उभा राहतो, आणि दुकान उघडे असल्याची ग्वाही देणारी चादर बाहेर टांगलेली असते. पैशाच्या अभावातून आलेली ही तडजोड संहितेतील सर्वांत अर्थपूर्ण प्रतिमा होऊन बसली आहे. जी प्रतिमा योजून सुचली नसती ती अडचणीतून निघाली. आपल्याकडील साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या बाबतीत असेच काहीसे घडले होते. चक्रमुद्रणाचा ओबडधोबडपणा हा त्या लेखनाच्या वाङ्मयीन भूमिकेचा भाग झाला होता.

याच चित्रपटात डान्टे आणि रँडल दुकान बंद करून एका मृत मैत्रिणीच्या अंत्यदर्शनाला जातात. आत काय गोंधळ झाला तो दिसत नाही. परतताना गाडीतील भांडणातून तो कळतो. ग्रीक नाटकात दूत येऊन पडद्यामागील अनर्थ सांगतो, त्या संकेताचे हे विनोदी आणि सक्तीचे पुनरुज्जीवन होय. अल्पखर्ची चित्रपट बोलघेवडा का असतो याचे उत्तर पिढीच्या स्वभावात शोधण्याआधी येथे शोधावे. कृती महाग असते, बोलणे स्वस्त. मात्र या स्वस्ताईची जी आख्यायिका वितरकांनी पुढे पसरवली तिच्याकडे सावधपणे पाहणे इष्ट; चित्रपट विकत घेतल्यानंतर एकट्या गाण्यांच्या हक्कांवर मूळ निर्मितीखर्चापेक्षा अधिक पैसा खर्च झाला होता.

नोआ बॉमबॅकचा ‘किकिंग अँड स्क्रीमिंग’ (१९९५) तुलनेने सुबत्तेतला. पदवीनंतरही महाविद्यालयाच्या गावातच रेंगाळणाऱ्या चार मित्रांची ही कथा वाक्चातुर्यात अडकते. पण त्यातील एक तपशील उर्वरित सर्व संवादांपेक्षा बोलका आहे. जमिनीवर काच फुटते. मॅक्स ती झाडून काढण्याऐवजी ‘फुटलेली काच’ अशी पाटी लिहून तिच्यावर ठेवतो. चार वर्षांच्या उच्चशिक्षणाने वस्तूला नेमके नाव देण्याचे कौशल्य दिले आणि केरसुणी उचलण्याचे काढून घेतले. शेवटी प्रागला गेलेल्या प्रेयसीकडे जाण्यासाठी नायक विमानतळावर पोहोचतो तेव्हा त्याच्याजवळ पारपत्र नसते. काशीला निघालेल्या बटूला अडवायला येथे मामा नाही, कागदपत्रे आहेत. बड्या स्टुडिओने १९९४ मध्ये याच विषयावर काढलेला ‘रिअ‍ॅलिटी बाइट्स’ यांच्याशेजारी ठेवला की भेद स्पष्ट होतो : तेथे दिशाहीनता हे प्रेमत्रिकोणाचे नेपथ्य आहे आणि योग्य पुरुषाची निवड झाली की ती मिटते.

या परंपरेतील सर्वांत परिपक्व कृती म्हणून ‘फनी हा हा’कडे बोट दाखवता येईल. हार्वर्डमध्ये शँताल अकेरमान यांच्या मार्गदर्शनाखाली शिकलेल्या बुजाल्स्कीने हा चित्रपट बॉस्टनच्या परिसरात सोळा मिलिमीटरवर केला. तो २००२ मध्ये पूर्ण झाला आणि चित्रपटगृहांत पोहोचायला २००५ उजाडले. पदवीधर मार्नी हंगामी कामे करते, अ‍ॅलेक्सवर प्रेम करते. अ‍ॅलेक्स मध्येच दुसरीशी लग्न करून मोकळा होतो. कार्यालयातील मिचेल (ही भूमिका बुजाल्स्कीचीच) तिच्या मागे आहे आणि तिला तो नको आहे. एवढेच. आरंभीच्या प्रसंगात मार्नी दारूच्या नशेत गोंदवून घ्यायला जाते, पण काय गोंदवायचे ते तिला ठरवता येत नाही, आणि ती शुद्धीवर नाही हे पाहून गोंदवणारा तिला परत पाठवतो. अंगावर कायमची खूण करून घेण्याची इच्छा आहे, खुणेचा आशय नाही आणि अनुमतीही नाही. संक्रमणविधीचा याहून नेमका भंग क्वचितच दाखवला गेला असेल.

या चित्रपटाचे मर्म त्याच्या भाषेत आहे. कोणतेही वाक्य पूर्ण होत नाही. ‘म्हणजे’, ‘तसे काही नाही, पण’, ‘एक प्रकारे’ या अर्थाच्या पुरकांनी वाक्ये आरंभतात आणि त्यांच्यातच विरघळतात. नकार द्यायचा असेल तेव्हा होकाराची भाषा वापरली जाते. होकार द्यायचा असेल तेव्हा विनोद. असल्या चित्रपटांना पुढे ‘मम्बलकोअर’ हे नाव चिकटले ते २००५ मध्ये, बुजाल्स्कीचे ध्वनिसंयोजक एरिक मसुनागा यांच्या थट्टेच्या उद्गारातून. ‘पुटपुटण्याचा संप्रदाय’ असे त्याचे मराठीकरण करता येईल. हे नाव दिशाभूल करणारे आहे. पुटपुटणे ही या पात्रांची असमर्थता नसून शिष्टाचार आहे. समोरच्याला दुखवायचे नाही आणि स्वतःला बांधून घ्यायचे नाही, या दुहेरी गरजेतून आलेली ती संकेतव्यवस्था आहे. मराठी वाचकाला येथे ‘कोसला’ (१९६३) आठवणे अपरिहार्य आहे. पांडुरंग सांगवीकरचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे असेच विधानाला विधान होऊ न देणारे शब्द होते. परंतु साम्य तेथेच संपते. पांडुरंगाच्या ‘वगैरे’मागे उपरोधाची धार आहे, कारण त्याच्यापुढे ज्याला नकार द्यावा असा भक्कम बाप आहे, आणि परतावे लागेल असे गाव आहे. मार्नीला नकार द्यायला कोणी नाही, परतायलाही काही नाही. म्हणून तिच्या अपूर्ण वाक्यांत उपरोध नसून केवळ सौजन्य आहे. ते अधिक करुण वाटते.

एक तांत्रिक बाब येथे विचारात घेणे आवश्यक आहे. सोळा मिलिमीटर फिल्मचे ४०० फुटांचे रीळ सुमारे ११ मिनिटे चालते. प्रत्येक शांतता, प्रत्येक चाचरणे, प्रत्येक अनावश्यक ‘म्हणजे’ यांचे पैसे फुटांच्या हिशेबाने मोजावे लागतात. बुजाल्स्कीचे संवाद उत्स्फूर्त वाटतात, पण ते बव्हंशी लिहिलेले आहेत. वाया जाणारा वेळ येथे जाणीवपूर्वक विकत घेतलेला आहे. जो स्वांगसंग २००७ च्या सुमारास जो स्वानबर्गच्या ‘हॅना टेक्स द स्टेअर्स’मध्ये दिसतो तो यापासून गुणात्मकदृष्ट्या वेगळा आहे. तेथे डिजिटल कॅमेऱ्यामुळे चित्रण जवळजवळ फुकट झाले, नटांनीच प्रसंग उभे केले, आणि लांबण ही निवड न राहता सवय झाली. ग्रेटा गर्विगचा चेहरा पाहण्यासारखा आहे हे खरे. पण दोन प्रसंगांतील ताण कोठे निर्माण होतो हे दिग्दर्शकालाही ठाऊक नसल्यासारखे वाटते. साधन स्वस्त झाल्याने कला लोकशाहीवादी होते, हे सुलभ समीकरण या एका तुलनेने डळमळावे.

आता आक्षेपाकडे वळणे भाग आहे. ही सारी माणसे गोरी, शिकलेली आणि शेवटी आईबापांच्या आधाराची खात्री असलेली आहेत, असे म्हटले गेले, आणि ते बहुतांशी रास्त आहे. डुप्लास बंधूंच्या ‘द पफी चेअर’ (२००५) मध्ये नायक वडिलांसाठी इंटरनेटवर विकत घेतलेली आरामखुर्ची आणायला निघतो. चित्रपटाचा पैसाही आईवडिलांनीच दिला होता. तथापि, एखादी कृती कोणत्या वर्गातून आली याने तिचे मूल्य ठरत नाही. आपल्या वर्गस्थितीविषयी ती काय जाणते, यावर बरेच अवलंबून असते. या कसोटीवर ‘टायनी फर्निचर’ (२०१०) अनपेक्षितपणे उतरतो. डनमने न्यूयॉर्कमधील आपल्या आईवडिलांच्या प्रत्यक्ष घरात, आपल्या आईला आणि भावंडाला भूमिका देऊन, छायाचित्रणासाठीच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर हा चित्रपट केला. पदवी घेऊन परतलेली ऑरा एका उपाहारगृहात मामुली नोकरी धरते आणि सोडते. तिची आई चित्रकर्ती-छायाचित्रकार आहे. बाहुल्यांच्या घरातील चिमुकल्या खुर्च्या-टेबलांची छायाचित्रे घेऊन ती प्रतिष्ठित झाली आहे. ऑरा आईची तरुणपणची रोजनिशी चोरून वाचते आणि त्या वयात आईही अशीच भरकटलेली होती, असे तिला आढळते. येथे दिलासा आहे, पण त्याच्या पोटात भीतीही आहे. आईचा रिकामा काळ तिच्या यशामुळे पूर्वतयारी ठरला. मुलीचा काय ठरणार हे कोणी सांगावे? ज्या घरात चित्रपट घडतो ते घरच त्या वेळेची किंमत चुकवते आहे, हे चौकट सतत दाखवत राहते. पांढऱ्याशुभ्र, अवाढव्य कपाटांपुढे ऑरा स्वतःच चिमुकले फर्निचर भासते.

रिकामा काळ मागाहून उमेदवारी ठरणे, हा या गटाच्या इतिहासातील सर्वांत अडचणीचा भाग. गर्विग ‘हॅना’पासून बॉमबॅकच्या ‘फ्रान्सेस हा’ (२०१२) मार्गे ‘बार्बी’ (२०२३) पर्यंत पोहोचली. लिंकलेटरला २००३ मध्ये स्टुडिओचा मोठा चित्रपट मिळाला. ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांचे चित्रपट कोणाच्या स्मरणात नाहीत. ‘फ्रान्सेस हा’मध्ये सत्तावीस वर्षांच्या नर्तिकेची फरफट मोहक आहे, पण ती आपल्या हक्काच्या खोलीपर्यंत सुखरूप पोहोचणार याविषयी प्रेक्षकाला क्षणभरही शंका येत नाही. टपालपेटीच्या खाचेत नाव मावत नाही म्हणून ती चिठ्ठी दुमडते आणि अर्धेच नाव उरते. तडजोडीचे हे चिन्ह सुंदर आहे. मोरेत्तींची अभिजात कादंबरी त्यात मागच्या दाराने परत आली आहे.

बॅरी जेन्किन्सचा ‘मेडिसिन फॉर मेलन्कली’ (२००८) या यादीत सहसा घेतला जात नाही, आणि त्यातच समीक्षेची मर्यादा उघड होते. तोही अत्यल्प खर्चाचा, तोही दोन तरुणांच्या एका दिवसाच्या भटकंतीचा, तोही बोलण्यावर उभारलेला. फरक इतकाच की मायका आणि जो हे दोघे सॅन फ्रान्सिस्कोमधील कृष्णवर्णीय आहेत, आणि आपल्या शहरात आपल्यासारखे लोक आता केवळ सात टक्के उरले आहेत हा आकडा मायकाच्या मनातून जात नाही. रंग इतके उडवलेले आहेत की शहर जवळजवळ कृष्णधवल दिसते. ‘स्लॅकर’ने जे झाकले होते, म्हणजे निरुद्देश हिंडण्याला जागा लागते आणि जागेला भाडे पडते, तेच येथे प्रत्येक पावलाला उघडे पडते. जो जेथे राहते ते उंची वस्तीतील घर तिच्या गोऱ्या प्रियकराचे आहे. मायका एका खोलीत राहतो आणि माशांची काचपात्रे बसवण्याचे काम करतो. त्याला जोकडून जे हवे आहे ते प्रेम की वंशाची साक्ष, हे त्याला स्वतःलाही उलगडत नाही, आणि ती त्याबद्दल त्याला चांगलेच धारेवर धरते.

चित्रपटाच्या मध्यावर कॅमेरा या दोघांना सोडून एका बैठकीत शिरतो. भाडेनियंत्रण उठले तर काय होईल याची चर्चा तेथे बसलेली माणसे करीत असतात. ती नट वाटत नाहीत, आणि त्यांची वाक्ये पूर्ण होतात. प्रेमकथेशी या प्रसंगाचा धागा जुळत नाही म्हणून तो दोष ठरवता येईल. पण दीड दशकभर पुटपुटत आलेल्या या परंपरेत येथे प्रथमच कोणीतरी विषयाला धरून, आवाज न चोरता, वेळेच्या आणि घराच्या किमतीविषयी बोलते. मग कॅमेरा पुन्हा त्या दोघांकडे जातो. रात्र होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जो आपली सायकल घेऊन निघून जाते.